सीटखालची पिशवी

“काही झालंच, तर फोन कोणाला लावणार मॅडम?” रिजवाननं अगदी सहज विचारलं, आणि दोन हातांत सायकलचे दोन पाने घेऊन उभ्या असलेल्या सुमेधानं ते दोन्ही काउंटरवर ठेवले. प्रश्न काही खोचक नव्हता. नव्या मोंढ्याकडच्या त्या सायकलच्या दुकानात तो दिवसातून दहा जणांना हेच विचारत असणार. अलीकडे जालन्यात सायकल चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचं पेव फुटलं होतं. डॉक्टर, बिल्डर, बियाण्यांच्या कंपन्यांतले साहेब. महागडी सायकल घ्यायची, हेल्मेट घ्यायचं, गॉगल चढवायचा आणि पंक्चर झाली की रस्त्याच्या कडेला उभं राहून ड्रायव्हरला बोलवायचं, अशी एकूण तऱ्हा. सामान असल्या गिऱ्हाइकांना लागतच नाही, हा रिजवानचा अनुभव होता. ही बाई मात्र अर्धा तास झाला काउंटरवर सामान मांडून बसली होती. हा पाना नको, तो दाखवा. पंप छोटा असेल तर किती दमवेल. ट्यूब एक घ्यावी की दोन. “एवढ्या सामानाचं काय करता? सीटखालच्या पिशवीत मोबाईल बसला की बस झालं. फोन लावायचा, अर्ध्या तासात माणूस हाजिर. मी तर सगळ्याला हेच सांगून राह्यलो.” त्यानं हसत हसत पिशवीची चेन उघडून दाखवली. पिशवी खरंच एवढीशी होती. “सांगून ठेवीन कोणाला तरी,” सुमेधा म्हणाली, आणि सगळंच सामान बांधायला सांगून बाहेर पडली.

तिथं ते संपायला हवं होतं. पण घरी येऊन कुकर लावला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कोणाला लावणार? नवऱ्याला, कल्याणला लावता आला असता. पण त्याची बँक नांदेडला, तो एक शनिवार सोडून येणार, आणि हा त्याचा शनिवार नव्हता. ज्योत्स्ना पुण्याला. लेक फार तर तिथून काळजी करील आणि वर “तुला या वयात कोणी सांगितलं होतं” हेही ऐकवील. ऑफिसात तिच्या हाताखाली बावीस माणसं होती. त्यातल्या कोणालाही फोन केला तर धावत आलं असतं, साहेब म्हणून. पण इतक्या वर्षांत तिनं त्यांच्यापैकी कोणाकडून साधं पेन मागून घेतलं नव्हतं, ते आता सायकलसाठी कशाला? मग राहिली ती एकच, मोनाली. धाकटी बहीण, टेंभुर्णीत राहणारी, दारात स्कूटी असणारी आणि उद्याच्या रस्त्यापासून पाव तासावर असणारी. तिच्याशी सुमेधा वर्षभर एक शब्द बोलली नव्हती. आणि उद्या ती निघाली होती ती तिच्याच घरी.

बाबांचा पहिला स्मृतिदिन. पुण्यानुमोदनाची पत्रिका मोनालीनं मोबाईलवर पाठवली होती. वर “ताई” नाही, खाली “ये” नाही, नुसती पत्रिका. निमंत्रक म्हणून दोघींचीही नावं छापलेली होती, आधी सुमेधाचं, मग मोनालीचं, कारण रीत तशी. सुमेधानं ती पत्रिका दिवसातून दोनदा उघडून पाहिली होती. मंगळवारी तिनं ठरवलं, जायचं. आणि बसनं नाही, सायकलनं जायचं. बसनं गेलं की पाहुणे म्हणतात, बसा, थांबा, कोणीतरी सोडील तुम्हाला. सायकल असली की आपण आलो, आपण निघालो. कोणाचं मिंधं नाही. हे तिनं स्वतःला दोनतीनदा समजावलं, आणि दुसरं एक कारण होतं ते मनातल्या मनातसुद्धा मोठ्यानं उच्चारलं नाही. तिला मोनालीला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगून झाल्यावर त्या घरात क्षणभरही थांबावं लागलं, तर काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

जेवण आटोपून तिनं फरशीवर जुना पेपर पसरला आणि सामान मांडलं. अ‍ॅलन कीचा जोड, काटकोनात वळलेले पाने. दोन प्लास्टिकचे चमचे, टायर रिमवरून उचकटायचे. ठिगळांची डबी, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा. एक सायकलची ट्यूब. हातभर नाही, वीतभर पंप. चेन तोडायचं एक यंत्र, जे रिजवाननं “असू द्या” म्हणून दिलं होतं आणि जे कसं वापरायचं हे तिला ठाऊक नव्हतं. सगळं पिशवीत बसत नव्हतं. एकेक वस्तू उचलायची आणि विचार करायचा, हे संकट येईल का? चेन तुटेल का? नाही तुटणार. मग हे बाजूला. ब्रेक ढिला होईल का? होईल. मग पाना आत. गंमतच होती सगळी. आपल्याला काय काय होऊ शकतं याची यादी करायची आणि त्यातलं किती झेपेल ते ठरवायचं, आणि हे सगळं दोन मुठींएवढ्या पिशवीत. ती या कामात तरबेज होती. ऑफिसात लोक म्हणायचेच, मॅडमला कधी काही कमी पडत नाही. ते कौतुक आहे असं ती आजवर धरून चालली होती.

मग तिनं कपाटातून बाबांचा डबा काढला. अल्युमिनियमचा, भाजीच्या डब्याएवढा, झाकणाला रबर लावलेलं. बाबा गेल्यावर टेंभुर्णीच्या घरातून तिनं एवढंच आणलं होतं, न विचारता. आत दोन लोखंडी चमच्यांचे दांडे, घासून चपटे केलेले, एक भोकाभोकांचा पाना, कानशीचा तुकडा, जुन्या ट्यूबचे कात्रीनं गोल कापलेले तुकडे, आणि सोल्युशनची ट्यूब, जी दाबून पाहिली तर दगड झाली होती. बाबा गेले त्याला वर्ष झालं, वर्षात एवढं वाळतं का, असा एक विचार तिला येऊन गेला. वाळत असेल. डबा नाकाशी नेला तर अजून रबराचा वास येत होता.

हा डबा कुठल्या दिवशी घरात आला ते तिला पक्कं आठवत होतं. ती नऊ वर्षांची होती. बाबा शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर, भिवा गुरुजी, आणि ती त्याच शाळेत, म्हणून रोज कॅरिअरवर बसून जायची. एकदा येताना मागच्या चाकातली हवा गेली. त्या गावात चावडीपुढं एक सायकलवाला होता. बाबांनी त्याला जयहिंद केला, पंप मागितला. तो दुसऱ्या एका माणसाचं चाक खोलून बसला होता, त्यानं हनुवटीनं दाखवलं, तिथं पडलाय, घ्या. मग पाना मागितला तर त्यानं पाना उचलला, आणि बाबांनी पुढं केलेल्या हाताच्या थोडं अलीकडं, जमिनीवर ठेवला. बाबांनी तो वाकून उचलला. हवा भरली. निघताना बाबा “येतो” म्हणाले. आणि सायकल थोडी पुढं गेल्यावर कॅरिअरवर उलट्या तोंडानं बसलेल्या सुमेधानं पाहिलं, त्या माणसानं तांब्यातलं पाणी पंपाच्या मुठीवर ओतलं आणि मूठ पुसून घेतली. “बाबा, त्यानं पंप कशाला धुतला?” बाबा बराच वेळ पायडल मारत राहिले. मग म्हणाले, “धूळ असंल.” पुढच्या रविवारी ते जालन्याला गेले आणि डबा आणि पंप घेऊन आले. पंप सायकलच्या दांड्याला कायमचा अडकवला. “सुमे, ध्यानात ठेव,” ते म्हणाले होते, “आपलं सामान आपल्यापाशी पाह्यजे. कुणापुढं मागायची पाळी येऊ द्यायची न्हाई.” मोनाली तेव्हा दोन वर्षांची होती, ओसरीवर रांगोळी पुसत बसलेली. तिनं यातलं काही पाहिलं नव्हतं.

सुमेधानं ते ध्यानात ठेवलं, आणि नुसतं ठेवलं नाही, त्याचं घर बांधून त्यात राहिली. कॉलेजात आजारी पडली तेव्हा कोणाच्या नोट्स मागितल्या नाहीत. ज्योत्स्नाच्या वेळी पोटात दुखायला लागलं तर एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेली, कल्याण आला तेव्हा पोरगी झालेली. शेजारणीकडून कधी वाटीभर साखर आली नाही, म्हणून परत कधी गेलीही नाही. हे सगळं तिला भूषण वाटायचं. बाबांनाही वाटत असणार असं ती समजून होती. त्या धुतलेल्या पंपाला तिनं आपल्या परीनं उत्तर दिलं होतं. फक्त एक गोष्ट लहानपणीही तिच्या लक्षात यायची आणि तिला हसू यायचं: एवढं सामान असून बाबांची सायकल एका दिवसात दोनदा पंक्चर व्हायची. “आज पुन्हा बसली,” ते घरी येऊन म्हणायचे, हात काळे, चेहरा शांत.

आणि मग गेल्या वर्षीचे ते एकोणीस दिवस, बाबांच्या शेवटच्या आजारपणाचे. बाबांना तिनं टेंभुर्णीहून जालन्याला आणलं, मोनालीच्या दारातून. रोजचं सगळं मोनालीनं केलं होतं, भाकरी, गोळ्या, अंघोळीचं पाणी, दहा वर्षं. पण मोठा दवाखाना म्हटल्यावर सुमेधा आली आणि तिनं सगळं आपल्या हातात घेतलं, कारण तिला ते येत होतं. मोनालीच्या पोरीला नेमक्या कांजिण्या आल्या होत्या. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, मोनालीला बोलाव. “पोरगी आजारी आहे तिची, बाबा. मी आहे ना.” दहाव्या दिवशी पुन्हा म्हणाले. तोवर कांजिण्या उतरल्या होत्या. “मी आहे ना, बाबा.” सतराव्या दिवशी सकाळी चहाचा चमचा तोंडाजवळ नेला तर त्यांनी तोंड वळवलं आणि दाराकडं बघून एवढंच म्हणाले, “मोना?” त्या दिवशी मोनालीचा फोन आला होता. सुमेधा तिला म्हणाली, “ठीक आहेत. घाई करू नकोस.” का म्हणाली? तिला मदत नको होती म्हणून? की सतरा दिवस आपण अंथरुणाशी बसलो आणि बाबा दाराकडं बघतात, याचा राग आला म्हणून? वर्षभर ती हे दोन्ही आलटूनपालटून उचलून बघत होती, आणि त्यातलं दुसरं कारणच खरं होतं. मोनाली आली ती बाबा गेल्यावर. रडली नाही. म्हणाली, “ताई, तू मला पाव्हणी करून टाकलं माझ्या बापाची.” आणि बोलणं संपलं.

सुमेधानं डब्यातलं काही पिशवीत घेतलं नाही. सगळं जुनं झालं होतं. नवं सामान बरोबर बसलं, चेन लागली.

सकाळी साडेसहाला ती निघाली. थंडी होती. देऊळगाव राजाच्या रस्त्याला सळयांचे ट्रक अंगावरून जात होते, पण तिचा दम चांगला टिकला. मोसंबीच्या बागा गेल्या, तुरीची शेतं गेली, ऊन पाठीवर आलं. बोलायचं ते वाक्य ती पायडलच्या तालावर मनात फिरवत होती, बाबांनी तुला बोलवायला सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला पुढं काहीतरी जोडलं जात होतं: पण कांजिण्या होत्या, पण डॉक्टर म्हणाले, पण मला वाटलं. ती ते “पण” काढून टाकत होती आणि ते पुन्हा उगवत होते. टेंभुर्णीच्या फाट्याला वळल्यावर कोणीतरी बांधावर घालायला बाभळीच्या फांद्या ओढत नेल्या होत्या, त्याच्या खुणा मातीत होत्या. थोड्या वेळानं मागचं चाक जड झालं.

तिला खरं तर बरं वाटलं. हे संकट यादीत होतं. तिनं सायकल उलटी केली, चाक काढलं, प्लास्टिकच्या चमच्यांनी टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, नवी घातली, पंप मारला. सतरा मिनिटं. एकदाही अडलं नाही. हात काळे झाले होते, बाबांसारखे, आणि तिला वाटलं, बघितलं का रिजवान? ती स्वार झाली आणि दोन किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं. आता तिनं ठिगळ काढलं. ट्यूब गालाशी धरून हवा कुठून येते ते शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, दाबलं, भरलं. तिसऱ्यांदा चाक बसायला सायकल पाचशे पावलंही गेली नाही. सोल्युशनची ट्यूब आधीच्या वेळी घाईत उघडी राहून पिशवीत सांडली होती. ठिगळं होती, चिकटवायला काही नव्हतं. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. पलीकडं वेचणीला आलेल्या कपाशीचं शेत होतं, पांढरं. माणूस दिसत नव्हतं. दहा वाजता वंदना सुरू होणार होती आणि पावणेनऊ झाले होते. चालत गेलं तर पोचता आलं असतं. बाबा असेच चालत यायचे. ती उठली, चार पावलं सायकल ढकलली आणि थांबली. अचानक तिला फार कंटाळा आला. आपला, सामानाचा, त्या पिशवीचा. पन्नास वर्षांची बाई आणि अजून त्या कॅरिअरवर उलट्या तोंडानं बसलेली. तिनं फोन काढला.

“हां,” मोनाली म्हणाली. ताई नाही, कोण नाही.

“मोना, मी फाट्याच्या पुढं आहे. सायकल पंक्चर झालीय.”

“सायकलवर आली तू?” मग, “सामान न्हाई आणलं?”

“आणलंय. सगळं आणलंय. तरी पुन्हा पुन्हा बसतेय.” तिनं सायकल दगडाला टेकवली. “येतेस का?”

तिकडं कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. “थांब तिथंच,” मोनाली म्हणाली.

ती आली पांढऱ्या साडीत, पदर खोचून, स्कूटीच्या पुढं पाण्याची बाटली. बारीक झाली होती. कपाळावरच्या बटा पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं सुमेधाकडं नीट पाहिलं नाही, सायकलकडं पाहिलं, खाली बसली, मागचं चाक काढलं आणि टायर उचकटून हातात घेतला. “काटा काढला का?”

“कुठला काटा? ट्यूबला काही अडकलेलं नव्हतं.”

“ट्यूबला न्हाई, टायरात. आतून. तो तसाच ठिवून तू चार ट्यूबा बदल, काय फरक पडून राह्यला?” ती उठली, बांधावरून शेतात वाकली आणि कपाशीचं एक फुटलेलं बोंड तोडून आणलं. त्यातला कापूस ओढून तिनं टायरच्या आत बोटानं गोल फिरवला, सावकाश. एका जागी कापूस अडला. चार धागे तिथंच राहिले. मोनालीनं वाकून नखांनी तिथलं टोक पकडलं आणि काढून तळहातावर ठेवलं. बाभळीचा, तांदळाच्या कणीएवढा. “बघ.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“निजामचाचानं. स्टँडवरला पंक्चरवाला. मला कशाला, बाबालाच शिकवलं त्यानं, मी तिथं उभी होते.” मोनाली पहिल्यांदा हसली, बाबांच्या आठवणीनं. “काय हासले होते चाचा! म्हणले, गुरुजी, तीस साल नोकरी केली अन् काटा आत ठिवून पंक्चर काढत होता? कुणाला इचारलं न्हाई का कधी? बाबाबी हासले. मंग रोज संध्याकाळी तिथंच बसायचे पेपर वाचत. चाचाच हवा भरायचा. डबा तर कधीच बंद झाल्ता. पंदरा साल झाले असतील. तुला न्हाई माहीत?”

सुमेधाला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं. दगड झालेली ती सोल्युशनची ट्यूब तिच्या डोळ्यांपुढं आली. बाबा केव्हाच त्यातून उठून स्टँडवर जाऊन बसले होते, दुसऱ्याच्या पंपानं हवा भरून घेत, हसत. आणि ती डबा कपाटात जपून होती. तिला बाबांचा राग आला, स्वतःची कीव आली, आणि मग दोन्ही ओसरलं. मोनालीनं स्कूटीच्या डिकीतून सोल्युशन काढलं होतं, ठिगळ दाबून धरलं होतं, टायर परत बसवत होती. तिच्या पांढऱ्या साडीवर काळं लागलं. आता बोललं नाही तर टेंभुर्णीत शंभर माणसांत बोलता येणार नव्हतं.

“बाबांनी तुला बोलवायला सांगितलं होतं,” सुमेधा म्हणाली. पुढं काही जोडलं नाही.

मोनालीचे हात थांबले. वर न बघता तिनं विचारलं, “किती बार?”

“तीनदा.”

“आन् तू?”

“मी म्हणाले, मी आहे ना. तिसऱ्या वेळी ते तुझं नाव घेऊन दाराकडं बघत होते. त्याच दिवशी मी तुला फोनवर घाई करू नको म्हणाले. मला राग आला होता.”

एक ट्रॅक्टर मागून आला, ऊस भरलेला, आणि खूप वेळ लावून गेला. मोनालीनं डोळे पुसले ते मनगटानं, तरी गालावर काळं लागलंच. “मला वाटून राह्यलं होतं,” ती म्हणाली, “की बाबानं याद न्हाई केली माझी. साल झालं, मी हेच धरून बसले.” मग तिनं टायरची उरलेली कड रिममध्ये दाबून बसवली. “लई राग हाय मला तुझा, ताई. आजबी हाय. जाणार न्हाई तो.”

“हो,” सुमेधा म्हणाली.

मोनालीनं वीतभर पंप ट्यूबच्या तोंडाला लावला, दोन झटके मारले. सुटं चाक मातीत हललं, पंप निसटला, भरलेली हवा सुरकन गेली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा निसटला.

“उभी काय राह्यली?” ती म्हणाली. “चाक धर. एकटीनं न्हाई व्हत हे.”

सुमेधा खाली मातीत बसली आणि दोन्ही हातांनी तिनं चाक धरलं.